दाराजवळचा बाक

मी एक जुना बाक आहे. प्रार्थनामंदिराच्या दाराजवळ, चपलांच्या शेजारी माझी जागा. मित्रांनो, कितीतरी वर्षे माझ्यावर कुणी आपणहून बसले नाही. ज्याला बसवले, तोच बसला.

माझा जन्म मात्र चांगल्या घरातला. सुतारकाकांनी एकच मोठे झाड चिरले. सरळ, गुळगुळीत फळ्यांचा प्रभुभोजनाचा मेज केला; त्यावर येशूच्या देहाची आठवण म्हणून भाकर मोडून वाटतात. उरलेल्या फळीत एक मोठी गाठ होती. रंधा तिथे अडायचा. त्या फळीचा मी झालो. मेज पुढे गेला, त्याच्यावर पांढरे कापड आले. मी मागे राहिलो. सख्खे भाऊ आम्ही. पण एकाला भाकर आणि प्याला, दुसऱ्याला चपलांचा वास.

आमच्या मंडळीत, म्हणजे इथे प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांत, एक रीत होती. ज्याचे पाप उघडे पडेल त्याने माझ्यावर बसायचे. मंडळीचे वडील, म्हणजे तिथले कारभारी, 'पुरे' म्हणेपर्यंत त्याला भाकर नाही, प्याला नाही. उघडे पडेल त्याचे, हे लक्षात ठेवा. झाकलेल्यांसाठी पुढे भरपूर बाक होते.

मागे बसणाऱ्याला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. पण पाठ लबाडी करत नाही. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हे वाचन सुरू झाले की शेजाऱ्यापासून वीतभर सरकणाऱ्या पाठी मी पाहिल्या आहेत. प्रवचनात डुलक्या काढून शेवटचे 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने म्हणणारीही एक पाठ होती. ती मंडळीच्या प्रमुख वडिलांची, म्हणजे घड्याळजींची. दुसऱ्यांची घड्याळे बरोबर लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

एका रविवारी माझ्यावर पाववाली येऊन बसली.

तिची कोपऱ्यावर भट्टी होती. प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे पाव, तिच्याच हातची. नवरा मालवाहू गाडीवर, महिनोन्‌महिने बाहेर. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सासूची जीभ मात्र कशालाही खिळलेली नव्हती. एके दिवशी सकाळी दोघींचे कडाक्याचे वाजले. पाववालीने रागाने सासूच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि भट्टीवर निघून गेली. दिवसभर म्हातारीला ना घास, ना पाण्याचा घोट. संध्याकाळी गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आतून हाका ऐकल्या. त्याने कडी काढली, पाणी पाजले आणि गावभर सांगितले.

हे पाप होते. त्याला मी दुसरे नाव देणार नाही. तीही देत नव्हती.

पण पुढची गंमत ऐका. भाकर कोण भाजणार, असा प्रश्न निघाला. घड्याळजी म्हणाले, "पाव तिनंच द्यावा. बाजारचा मोडताना नुसता भुगा होतो."

म्हणजे तिच्या हातची भाकर चालायची, तिच्या तोंडात मात्र चालायची नाही. इतकी बारीक कातर फक्त धार्मिक माणसालाच जमते.

दर रविवारी ती गरम भाकर फडक्यात बांधून आणायची, दारात द्यायची आणि माझ्यावर बसायची. भाकरीचे ताट सगळीकडे फिरायचे आणि माझ्या अलीकडून वळायचे. बाया तिला आता पाववाली म्हणत नसत. कडीवाली म्हणत. ती अंगठ्याने माझी गाठ चोळत बसायची. आधी प्रार्थनेत तिचे ओठ हलायचे. पुढे तेही थांबले. लोकांनी दिलेले नाव तिला खरे वाटू लागले होते.

एकदा तिने दारातच सुतारकाकांना सांगितले, "काका, पुढचा रविवार शेवटचा. मग पाव न्यायला कुणाला तरी पाठवत जा. मी येणार नाही."

"का गं?"

"देवालाही माझं तोंड बघून कंटाळा आला असेल."

काकांनी भाकर आत नेली. ते तिच्या शेजारीच राहायचे.

पुढच्या रविवारी गायन चालू असताना दाराशी चाके करकरली. काकांची फळ्या वाहायची हातगाडी होती. तिच्यात उशा रचलेल्या आणि उशांत सासूबाई, केसांत लाकडाचा भुसा घेऊन.

"हळू उतरव रे. मी काय ओंडका आहे?" गायन आपोआप बंद पडले. काकांनी त्यांना उचलून आत आणले. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "इथं ठेव. ए, सरक जरा."

पाववाली उठूनच उभी राहिली. "आई, इथं नको. हा बाक..."

"माहीत आहे कसला आहे. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला टोचून टोचून खाल्लंय मी. ते कुणी ऐकलं नाही. तेव्हा नळ गळत नव्हता ना. बस खाली."

घड्याळजी लगबगीने आले. "आजी, तुम्ही पुढं चला. हिचं काय ते मंडळी ठरवेल."

"कडी माझ्या दाराला लागली, तहान मला लागली. मला कुणी विचारलं?"

"पण तिनं केलं ते..."

"वाईट केलं. घशाचं लाकूड झालं होतं माझ्या. मी विसरलेले नाही. पण तुम्ही तिचं नावच कडी ठेवलंत. बापाला लेकरानं काय केलं ते कळतं, म्हणून तो लेकराला त्या नावानं हाक मारतो का?"

घड्याळजी प्रथमच वेळेवर बाजूला सरले.

प्रवचन करणारे पाळकसाहेब ताट घेऊन स्वतः मागे आले. सासूबाईंनी आपला तुकडा घेतला, त्याचे दोन केले आणि एक सुनेपुढे धरला.

"मला चालत नाही, आई."

"तुझ्याच भट्टीतली आहे. आणि प्रभूनं आपलं अंग मोडून दिलं ते धडधाकटांसाठी नव्हे. धर. माझा हात दुखतोय."

तिने घेतला. चावता चावता तिला इतके रडू आले, की भाकर खारट झाली असेल. सासूबाई म्हणाल्या, "मीठ आज बरं पडलंय."

नंतर मंडळीच्या वडिलांना माझीच लाज वाटू लागली. 'फोडून टाकू' असे ठरले. सुतारकाका कुऱ्हाड घेऊन आले आणि म्हणाले, "फोडतो. पण मग मेजही बाहेर काढा. दोन्ही एकाच झाडाचे आहेत." कुणी मेजाला हात लावला नाही. मी वाचलो.

आता ताट पहिल्यांदा माझ्याकडे येते आणि मग पुढे जाते. सासूबाई देवाघरी गेल्या. पाववाली अजून माझ्यावरच बसते. तिला कुणी सांगत नाही, तरी बसते आणि शेजारची जागा मोकळी ठेवते.

मित्रांनो, माझी गाठ रंध्याने गेली नाही. ती गेल्यावरच सुतार माझ्यावर हात फिरवील, अशी वाट पाहिली असती तर मी जळणातच गेलो असतो. त्याने गाठीसकट घेतले. मला तेलपाणी नाही केले तरी चालेल. एवढेच करा, दाराजवळ कुणाला एकटे बसवू नका.

परवाच एक माणूस दारात चपला काढू की नको अशा विचारात उभा होता. त्याने काय केले होते ते मला ठाऊक नाही. पाववालीने मागे वळून पाहिले.

"या," ती म्हणाली. "मी सरकते."