फक्त पडलेल्यांसाठी

आमची गाडी फक्त पडलेल्यांसाठी आहे. आगीला बंब जातो, आजाऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्स जाते. पण जो माणूस नुसताच पडलाय, काही मोडलेलं नाही, आणि अंगाने एवढा मोठा आहे की घरच्यांना उचलत नाही, त्याच्याकडे आम्ही चौघं जातो. मी, ड्रायव्हर, नर्सबाई आणि पैलवान. पैलवान हे टोपणनाव, फुंकर मारली तर उडेल असा माणूस आहे. लोक दार उघडतात तेव्हा त्यांना दांडग्या माणसांची फौज हवी असते. आम्हाला बघून ते म्हणतात, "एवढेच?"

एवढेच. ताकदीचं हे कामच नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. पडलेल्या माणसाच्या बगलेत हात घालून ओढायचं नाही. त्याचा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. आधी विचारायचं, कुठे दुखतंय. मान, कंबर, पाय बघायचे. मग त्याला कुशीवर वळवून अंगाखाली हवेची गादी सरकवायची आणि पंप लावायचा. गादीचे थर एकावर एक फुगत जातात आणि माणूस खुर्चीच्या उंचीला येतो. वळवताना आम्ही "एक, दोन" म्हणतो, "तीन" त्याने स्वतः म्हणायचं. हा नियम माझा. नातेवाईक वैतागतात, म्हणतात, उचला की एकदाचं. मी त्यांना सांगते, हे सिमेंटचं पोतं नाही. पोत्याला लाज वाटत नाही, याला वाटते. माझ्या या तोंडामुळे आमचे लोक मला पाठीमागे हवालदारीण म्हणतात. मला ते माहीत आहे, हेही त्यांना माहीत आहे.

शिंपीकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते खरोखर पडून. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकले होते, दार तोडून आत जावं लागलं. पलंग हलवला, चादर घातली आणि त्यांना हळूहळू मोकळ्या जागेत आणलं, तेव्हा एवढा मोठा माणूस "माफ करा, माफ करा" एवढंच म्हणत होता. शेवटी मी ओरडले, "काका, माफी पुरे, तीन म्हणा!" ते इतके दचकले की तीन म्हणायच्या ऐवजी हसले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या गणवेशाकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचा शर्ट खांद्यात तंग आहे. हात वर करताना ओढला जात असेल." तो ओढला जातच होता, किती तरी वर्षं. घरात कपड्यांचे तुकडे आणि जुनी मशिन होती, पण धंदा बंद पडलेला. पायांना आणि गुडघ्यांना ते वजन पेलत नव्हतं. वॉकरला धरून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचे, तेवढाच त्यांचा प्रवास. बायको गेलेली. मुलगा परदेशात, तो फोनवर "बाबा, वजन कमी करा" म्हणायचा. जेवणाचा डबा दाराबाहेर यायचा. दाराची जादा किल्ली आम्ही खालच्या लाँड्रीवाल्याकडे ठेवायला लावली, पुन्हा दार तोडायला नको म्हणून.

मग ते परत पडले. मग परत. पुढे पुढे तर ड्रायव्हर पत्ता न विचारताच त्या गल्लीत गाडी वळवायला लागला.

आता मी या धंद्यात मुरलेली बाई. पडलेला माणूस कसा पडतो ते मला कळतं. तो वाकडातिकडा पडतो, हात अंगाखाली जातो, चष्मा कुठे तरी लांब उडालेला असतो, काही तरी सांडलेलं असतं. शिंपीकाका पडायचे ते खोलीच्या मधोमध, उताणे, डोक्याखाली उशी आणि पोटावर चष्मा. चौफेर मोकळी जागा, गादी पसरायला बरोबर बेताची. मला संशय आला होता, पण मी मूग गिळून गप्प बसले. चढायला दोनच मजले होते, माणूस गोड होता, आणि आमच्या लोकांना तिथे जायला आवडायचं. काका पैलवानाची बाही दुमडून द्यायचे. ड्रायव्हरच्या पाठीवरून हात फिरवून सांगायचे, "एक खांदा खाली आहे तुमचा, गाडी चालवून झालाय." आयुष्यभर लोकांच्या अंगाला टेप लावलेला माणूस तो. आता त्याच्या अंगाला हात लावणारे फक्त आम्ही होतो, तेही तो जमिनीवर असला तर.

एके दिवशी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि मी पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ताट होतं, त्यावर इस्त्री केलेला रुमाल. उचलला तर खाली पाच कप, स्वच्छ पुसून मांडलेले. बाजूला साखर, चहाची पूड, पातेल्यात मोजून घेतलेलं पाणी. पडायच्या आधी या माणसाने पाच जणांच्या चहाची तयारी केली होती.

मी बाहेर येऊन काही बोलणार तोवर आमची मंडळी खुर्च्या ओढून बसलीसुद्धा. नर्सबाई म्हणाली, "ताई, दोन मिनिटं. काका एवढं म्हणतायत." मी म्हणाले, बरं. तेही माझंच चुकलं. चहा उकळत असताना कंट्रोल रूमचा फोन आला. एक बाई न्हाणीघरात पडली होती, ती आमच्याच हद्दीतली. आम्ही रिकामे नाही म्हणून दुसऱ्या टोकाची गाडी निघाली होती, तिला पोचायला वेळ लागणार होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळींना खाली पिटाळलं आणि गादीची घडी काखेत मारून काकांसमोर उभी राहिले.

"कप कुणी मांडले?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"काका, मी तुम्हाला विचारतेय. पडलात कसे?"

"उतरलो," ते हळूच म्हणाले. "पलंगाच्या कडेला आलो, आधी गुडघा, मग हात, मग कुशीवर. तुम्हीच दाखवलं होतं ना, तोल जातोय असं वाटलं तर कसं खाली यायचं ते. तसंच. लागत नाही अजिबात."

"लागत नाही! तिकडे एक बाई ओल्या फरशीवर पडलीय आणि आम्ही इथे चहा उकळतोय. ही गाडी पडलेल्यांसाठी आहे, काका. करमत नाही म्हणून बोलवायला नाही. पडला नसाल तर फोन करायचा नाही. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. मग मी जिना उतरायला लागले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "त्या बाईंचं काय होतंय ते कळवाल?"

त्या बाईच्या मांडीचं हाड मोडलं होतं, पण वाचली. मी काकांना कळवलं नाही. राग होता तो, दुसरं काही नाही. त्याच रागात कंट्रोल रूमलाही झापलं, पडलाय का हे विचारल्याशिवाय गाडी पाठवायची नाही म्हणून.

त्यानंतर कित्येक महिने शिंपीकाका पडले नाहीत. सगळं नियमात बसलं, मी जिंकले. पैलवान मधूनच म्हणायचा, "काका बरे असतील ना?" आणि मी म्हणायचे, "फोन नाही म्हणजे बरेच असणार." आमच्या धंद्यात हीच पद्धत आहे, फोन नाही म्हणजे माणूस उभा आहे. पण गाडी त्या गल्लीच्या तोंडावरून जायची तेव्हा चौघंही त्याच बाजूला बघायचो. घरी मी शर्ट काढताना खांद्याची शिवण चाचपायचे. माझ्या घरातही एकच खुर्ची वापरात आहे, दुसरीवर कपडे असतात. एवढं सांगितलं तरी पुरे.

एका रविवारी, माझी सुट्टी होती, मी लाँड्रीवाल्याकडे गेले. म्हटलं, वरती काका कसे आहेत? तो म्हणाला, "आवाज नाही काही. कालचा डबा अजून दाराशीच आहे, मला वाटलं भूक नसेल." मी किल्ली त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

दार उघडलं तर काका खोलीच्या मधोमध. पण जमिनीवर नाहीत, खुर्चीत. ताठ बसलेले, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून. चष्मा डोळ्यावर. पायजमा भिजून सुकून परत भिजलेला. पाय सुजून घोट्याचा पत्ता नव्हता. खोलीत वास होता, आणि तो मला आला हे कळून त्यांनी मान फिरवली.

"काका! कधीपासून बसलात असे?"

"काल दुपारपासून." ओठ इतके कोरडे की शब्द नीट फुटत नव्हते. "उठायला गेलो तर गुडघा लटपटला. म्हटलं, आता उठलो तर पडणार. खराखुरा पडणार. म्हणून उठलोच नाही."

मी पाणी आणलं, घोट घोट पाजलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन दिसत होता.

"अहो, फोन आहे की खिशात! केला का नाहीत?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही तरी वेड्यासारखं विचारलंय.

"पडलो कुठे होतो?" ते म्हणाले.

मी तिथेच खाली बसले, त्यांच्या पायापाशी. रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. लोकांना उचलायला शिकवत मी गावभर फिरते, आणि या माणसाला मी असं जागच्या जागी बसवून ठेवलं होतं. पडला नाही म्हणून कुणी आलं नाही, आणि कुणाला यावं लागू नये म्हणून हा पडला नाही.

"रडू नका, बाई," काका म्हणाले. "त्या बाई बऱ्या आहेत का?"

"बऱ्या आहेत. चालतात काठी घेऊन."

"चांगलं झालं," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

मग मी कामाला लागले, कारण मला तेच येतं. गरम पाणी केलं, चेहरा, मान, हात पुसून काढले. टाचा बघितल्या, मागून जिथे हात पोचला तिथे कातडी तपासली. लाल झाली होती, फाटली नव्हती. त्यांना उठवणं गरजेचं होतं, कपडे बदलायचे होते, पलंगावर आडवं करून पाय वर घ्यायचे होते. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. एकटीने उचलायचं नाही. दहा वेळा सांगितलेलं वाक्य आणि ते खरं आहे. मी एकटीने हात घातला असता तर थोड्या वेळाने या खोलीत दोन माणसं पडलेली असती. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करावा, तर ते दोघंच असतात. एवढा मोठा माणूस दिसला की तेसुद्धा आम्हालाच बोलावतात, आणि डॉक्टर हवा असला तर तोही मागून येतो.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडची मुलगी माझा आवाज ओळखते.

"ताई, आज सुट्टी ना तुमची? बोला."

"गाडी हवीय." मी पत्ता सांगितला.

"तेच काका का?" ती हसली. "पडलेत ना पण? नाही तर मला पाठवता येणार नाही, तुम्हीच झापलं होतं सगळ्यांना."

काका मान हलवून मला खुणावत होते, नाही, नाही म्हणा. ताठ बसलेले, दोन्ही हात अजून खुर्चीवर.

"पडलेत," मी म्हणाले. "लवकर पाठव. आणि डॉक्टरांनाही सांग."

फोन ठेवला तर काकांच्या चेहऱ्यावर घाम. "अहो, खोटं कशाला बोललात! आता ते येऊन बघतील तर मी खुर्चीत. तुमच्यावर येईल सगळं." आणि हा माणूस खरोखरच पुढे सरकायला लागला, माझा शब्द राखावा म्हणून जमिनीवर उतरायला.

"हलू नका!" मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. "एक बोट हलवायचं नाही. त्यांना काय सांगायचं ते मी बघते. मी हवालदारीण आहे."

ते थोडे सैलावले. त्यांच्या खांद्यांवर माझे हात तसेच राहिले, काढायचं काही कारण नव्हतं. काकांनी डोळे मिटले. खालच्या रस्त्यावर गाड्या येत जात होत्या, आमची कुठलीच नव्हती.

"चौघं येतील?" त्यांनी विचारलं.

"तिघं. चौथी मी आहेच."

"मला पलंगावर घेतील, मग जातील."

"हो."

"दुसरीकडे कुणी पडलेलं असेल, त्यांना जायलाच हवं," काका म्हणाले. ते मला समजावत होते की स्वतःला, कळलं नाही. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "आणि ते गेल्यावर?"

जिन्यात पावलं वाजली, पैलवानाचा आवाज आला, गादीची पिशवी कठड्याला घासल्याचा आवाज आला.

"ते जातील," मी म्हणाले. "माझी आज सुट्टी आहे."