नदीपलीकडचं विद्यापीठ

इलिनॉयच्या विद्यापीठात मी सत्तावीस वर्षं मैदानाचं गवत राखतोय. त्यामुळे माझी मुलगी मारलिस नदी ओलांडून आयोवात शिकायला निघाली, तेव्हा कामावरचे लोक सोडतात होय! "काय व्हर्लिन, गवत आमचं आणि पोरगी त्यांची?"

मारलिसला लहानपणापासून नदीतल्या शिंपल्यांचं वेड. दोन्ही विद्यापीठं आम्ही बघून आलो होतो. आमच्याकडे दोनशे मुलांच्या घोळक्याला एका हसऱ्या मुलीनं ग्रंथालय, जेवणघर, व्यायामशाळा दाखवली. पलीकडे त्या दिवशी धो धो पाऊस, आलेली मुलं चारच. प्रयोगशाळेतल्या ब्रँटबाईंनी मारलिसच्या हातात एक शिंपला ठेवला.

"किती वर्षांचा असेल?"

तिनं शिंपल्यावरच्या, दरवर्षी एक वाढणाऱ्या वळ्यांवरून नख फिरवलं. "अकरा."

"मी तर नऊ लिहिलंय."

"दोन वळ्या सुटल्या तुमच्याकडून. इथं बघा, चिकटल्यात."

बाईंनी भिंग लावलं, हसल्या आणि वहीतला आकडा खोडला.

गाडीत बसल्या बसल्या पोरगी म्हणाली, "बाबा, माझं ठरलं."

"अगं, शिंपले आपल्याही काठावर आहेत की!"

"आहेत ना. पण आपल्याकडे मला कुणी काही विचारलं का?"

मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही. पलीकडून होकार ऑक्टोबरातच आला. आमच्या विद्यापीठाचं पत्र फेब्रुवारीत उगवलं, त्यात तिचं नाव 'मार्लीन'! ते वाचून मात्र माझा राग पलीकडच्यांवरून उतरला.

ऑगस्टमध्ये तिला वसतिगृहात सोडलं. खोकी वर चढवली, पलंगाचा हलणारा पाय घट्ट केला, आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून निघालो. पुलावर डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी चिखलाच्या बुटांनिशी आमच्या प्रवेश कार्यालयात गेलो. तिथल्या वांडाला सगळं सांगितलं.

"हजारो अर्ज येतात रे," ती म्हणाली.

"येऊ देत. आलेल्या पोरांना निदान एखादा प्रश्न तरी विचारा."

वसंतात वांडाचाच फोन आला. "शनिवारी विद्यापीठ बघायला पोरं येतायत. मैदानावर घेऊन जातोस? विचार तुला काय विचारायचं ते."

तेव्हापासून मी पोरांना गुडघ्यांवर बसवतो, मुळांसकट गवताचा तुकडा हातात देतो आणि विचारतो, "हे पिवळं का पडलं असेल?" काही नुसती फोनकडे बघतात. काही वाद घालतात.

मारलिसला फोनवर हे सांगितलं, तर म्हणते, "मग त्यातली कुणी तिथंच शिकायला राहतात का?"

"थोडी राहतात," मी म्हणालो. "तू जेवलीस का?"