खड्ड्यातलं गिऱ्हाईक

थोरलीचं आणि धाकटीचं कधी पटलं नाही, आणि पटावं म्हणून दोघींपैकी कुणी जिवाचा आटापिटाही केला नाही. दोघी जावा एका घरात आल्या आणि घरच्याच कारखान्यात कामाला बसल्या, एवढंच. कारखाना सासऱ्यांनी उभा केलेला. लिफ्टला लागणारे सुटे भाग तिथं तयार व्हायचे: दाराची चाकं, बटणं, दाराची कुलपं. खाली यंत्रं, वर राहायच्या खोल्या, आणि भांड्याला भांडं लागायला दोन्हीकडे भरपूर वाव.

थोरली काचेच्या केबिनमध्ये बसायची. शिकलेली, हुशार, टापटिपीची. जाहिरात, कॅटलॉग, प्रदर्शनं हे तिचं खातं. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा इतका रुंद होता की त्यामागे ती दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. धाकटी शटरजवळच्या खोलीत गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. एकदा पाहुण्यांसमोर थोरलीनं तिची ओळख "ही आमची ऑपरेटर" अशी करून दिली. सगळे हसले. धाकटीही हसली, पण ते बोलणं तिच्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच.

त्या वर्षी थोरलीनं कंपनीची नवी वेबसाइट करायला घेतली. साधीसुधी नाही. पान उघडलं की मागे काचेच्या उंच इमारतीची फिल्म, तीतून वर सरकणारी लिफ्ट, आणि पुढे एकेक भाग हवेत गरागरा फिरणारा. माउसनं तो हवा तसा वळवून बघायचा. थोरलीनं त्यात जीव ओतला. रंग दहादा बदलले, अक्षरं बदलली. थोरलीचा नवरा, म्हणजे थोरले दीर, येता-जाता केबिनमध्ये डोकावून "वा" म्हणायचे. सासऱ्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आपला कारखाना असा झळाळताना बघून त्यांची छाती फुगायची.

उन्हाळ्यात थोड्या जुन्या गिऱ्हाइकांना ती चाचणीसाठी बघायला दिली, आणि धाकटीचा फोन वाजायला लागला. पहिला आला तो टॉर्चचा. हा त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांतला सगळ्यांत जुना मेकॅनिक. दातांत टॉर्च धरून काम करायची सवय, म्हणून ते नाव.

"ताई, मी लिफ्टच्या टपावर बसलोय," तो म्हणाला. "एका हातानं दोर धरलाय, दुसऱ्या हातात फोन. तुमचं पान अर्धंच दिसतंय. अक्षरं मुंगीएवढी. चाक फिरायला लागलं तसा फोनच बंद पडला."

"मग काय हवं ते मला सांगा."

"मागवलं की. पलीकडच्या कारखान्याचं लगेच उघडलं, म्हणून त्यांच्याकडून घेतलं. म्हटलं, कानावर घालावं."

धाकटी उठून केबिनमध्ये गेली. तिनं सगळं सांगितलं. थोरलीनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"आपलं गिऱ्हाईक मेकॅनिक नाही," ती म्हणाली. "त्याचा मालक आहे, कंत्राटदार. ऑर्डरी येतात त्या ई-मेलनं, ऑफिसातून. आकडे आहेत माझ्याकडे."

"वहिनी, मालक नुसता टाइप करतो. कुठला भाग, कुणाचा घ्यायचा, हे मेकॅनिक जागेवरून फोनवर बघून ठरवतो. आधी फोनवर नीट दिसायला हवं. कॉम्प्युटरचं नंतर बघता येईल."

"तू फोन घे," थोरली म्हणाली. "विचार करायला मी आहे."

धाकटीच्या कानशिलापर्यंत आग गेली. ती परत आली आणि खुर्चीत बसली. नवऱ्याला सांगावं, सासऱ्यांच्या कानावर घालावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. पडू दे तोंडावर, ती मनाशी म्हणाली. सगळ्यांदेखत पडू दे.

त्यानंतर ती प्रत्येकाला विचारायला लागली, "बोलताय कुठून?" कुणी लिफ्टखालच्या खड्ड्यातून, कुणी गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतून, कुणी रस्त्याकडेला स्कूटर थांबवून. टेबलापाशी बसून बोलणारा क्वचितच भेटायचा. धाकटी गोड आवाजात म्हणायची, "उद्घाटनाला नक्की या हं." आणि फोन ठेवून द्यायची. केबिनकडे ती पुन्हा फिरकली नाही.

उद्घाटनाला मोठा हॉल घेतला होता. भिंतभर पडदा, चहा, बिस्किटं, पहिल्या रांगेत सासरे नव्या कोटात. कंत्राटदार आले, मेकॅनिक आले. यातले निम्मे कंत्राटदार मुळात मेकॅनिकच होते, हात अजून ग्रीसचे. थोरली माइकवर सुरेख बोलली. पडद्यावर लिफ्ट वर सरकली, चाक फिरलं, टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोला, दिसत होतंही देखणं.

"कुणाला काही विचारायचंय?" थोरलीनं विचारलं.

धाकटी उठली. 

"सगळ्यांनी जरा आपापला फोन काढा," ती म्हणाली. "समजा, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलीय. आत माणसं आहेत. दाराचं कुलूप तुटलंय. आपल्या या नव्या पानावरून ते शोधा आणि मागवा."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. काय चाललंय हे तिला तेव्हाच कळलं असावं, कारण तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

 सगळ्यांच्या माना खाली, अंगठे चालू. पांढरं वर्तुळ फिरतंय, फिरतंय. मागून कुणीतरी म्हणालं, "माझं अजून इमारतीवरच अडकलंय." दुसरा म्हणाला, "मागवायचं बटण कुठंय? उजवीकडे सरकवलं तर कुलूपच पळून जातंय." हशा झाला.

"हे खरं तर कॉम्प्युटरवर बघण्यासाठी..." थोरली म्हणायला लागली.

"वहिनी," टॉर्च बसल्या जागेवरून म्हणाला, "लिफ्टच्या खड्ड्यात टेबल कुठं मावतं?"

मग जो हशा उसळला तो लवकर थांबेना. सासऱ्यांनी मान खाली घातली. थोरली तशीच उभी. तिचा जड श्वास माइकमधून हॉलभर ऐकू येत होता, आणि माइक बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

घरी परतल्या परतल्या स्वयंपाकघरात थोरलीनं धाकटीला गाठलं.

"कधीपासून माहीत होतं तुला, किती जणांकडे उघडत नाही ते?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि गप्प बसलीस."

"सांगितलं होतं."

"एकदा."

"एकदाच ऑपरेटर म्हणाला होतात. मला पुरलं."

 थोरलीनं हातातला ग्लास ओट्यावर ठेवला आणि ती खोलीत गेली. धाकटीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण नवरा खोलीत येऊन म्हणाला, "तिचं नाक कापलंस, ठीक. पण पलीकडच्या कारखान्याचा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. कंपनी तिची एकटीची होती का?" आणि तो पाठ फिरवून झोपला.

सासऱ्यांनी निवाडा केला तो दोघींनाही कडू लागेल असाच. वेबसाइट धाकटीनं नव्यानं करायची, आधी फोनसाठी. थोरलीनं शेजारी बसून मदत करायची, कारण भाग मांडायची नजर तिच्याकडे होती.

मग एका टेबलाशी दोघी बसल्या. एकमेकींना लागेल एवढंच बोलायच्या. धाकटीनं फिल्म काढली, फिरणारे भाग काढले. एकेका भागाला उरलं एक चित्र, किंमत आणि खाली बटण. थोरलीनं ते पान फोनवर उघडून बघितलं.

"चित्र चुकलंय," ती म्हणाली.

"आता काय झालं?"

"समोरून काढलंस. मेकॅनिक टपावर बसून वरून बघतो. त्याला भाग जसा दिसतो तसा दाखव. आणि बटण उजव्या कोपऱ्यात नको, खाली मध्ये घे. कुठल्याही हाताच्या अंगठ्याला पोचलं पाहिजे."

तिचं बरोबर होतं. ते बरोबर होतं याचाच धाकटीला जास्त राग आला. मासिकातल्या जाहिराती बंद करायच्या आणि तेवढाच खर्च फोनवर दिसणाऱ्या जाहिरातींवर करायचा, हेही थोरलीनंच सुचवलं. "त्याला आवाज ऐकू येत नाही, मोटार चालू असते. जाहिरात मुकी ठेव," ती म्हणाली. धाकटीनं मान न हलवता तसंच केलं.

ऑर्डरी वाढल्या. पावसाळा संपेपर्यंत गेलेले मेकॅनिक परत यायला लागले. सासरे खूश झाले, आणि नेमकं तेव्हाच थोरल्या दिरांनी वाटणी मागितली. कारण विचारलं तर थोरलीच म्हणाली, "ज्या हॉलमध्ये माझं हसं झालं, त्यातल्या लोकांना मी या घरातून माल विकणार नाही." तिनं चूल वेगळी केली, मग घर वेगळं केलं, आणि दोन रस्ते पलीकडे गाळा घेऊन लिफ्टच्याच भागांचा धंदा काढला. केबिन नाही, रुंद पडदा नाही. सगळा कारभार फोनवर.

सहा महिन्यांनी टॉर्चचा फोन आला. "रागावू नका ताई, पण वहिनींचं आधी उघडतं."

धाकटी कारखान्यातल्या चाचणीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरली. तिथं रेंज जेमतेम येई. तिनं दोन्ही पानं उघडून बघितली. थोरलीचं खरंच आधी उघडलं. नीट होतं, हलकं होतं, आणि आपलं जिथं कमी पडत होतं तिथं ते पुढे गेलं होतं. वर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मग विचार तिला, कसं केलं ते," तो म्हणाला.

"मेले तरी विचारणार नाही."

त्या दिवशी तिनं पहिल्या पानावर जे जे जड होतं ते सगळं काढून टाकलं. कारखान्याचा फोटो गेला, यंत्रांचे गेले, आणि सगळ्यांत वर होता तो सासऱ्यांचा सत्काराचा फोटोही गेला. सासऱ्यांना ते कळलं तेव्हा ते काठी टेकत शटरजवळ आले.

"माझा फोटो काढलास?"

"बाबा, गिऱ्हाईक खड्ड्यात उभं आहे. त्याला तुमचा फोटो नकोय, कुलूप हवंय."

"थोरलीनं हेच जरा गोडीनं सांगितलं असतं," ते म्हणाले.

"मग जा थोरलीकडे राहायला."

ते राहायला काही गेले नाहीत. पण त्या आठवड्यापासून रविवारी ते जेवायला तिकडे जाऊ लागले, आणि परत आल्यावर तिथं काय बोलणं झालं हे धाकटीनं कधी विचारलं नाही.