रेकॉर्ड डेटला वेळेवर

पंख्यांच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं टायमकीपरी करून निवृत्त झालेल्या गृहस्थांना अकरा महिने उलटले तरी दुपारची झोप काही लागेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, की जेवणानंतर तासभर डोळा लागला नाही तर रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन होतील. दोनानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसतं टायमकीपरांच्या बायकोकडे बघितलं.

तेव्हापासून टायमकीपर रोज आज्ञाधारकपणे आडवे व्हायचे. वर त्यांच्याच कारखान्याचा पंखा फिरायचा. पडद्यातून गाळून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा, पलंगासकट खोली किनारा सोडून निघाल्यासारखी वाटायची, पापण्या जड व्हायच्या. आणि नेमका दोनला दहा कमी असताना दुसऱ्या पाळीचा भोंगा त्यांच्या कानात, फक्त त्यांच्याच कानात, वाजायचा. ताडकन उठून बसायचे. कामाच्या वेळेत लोळणं म्हणजे विनापरवानगी गैरहजेरी, हे हाडांत मुरलेलं होतं. आणि निवृत्तीचं पत्र टायमकीपरांना मिळालं असलं तरी हाडांना कुणी दिलं नव्हतं.

अशात वर्तमानपत्रात कंपनीची सूचना आली. यंदा भागधारकांना लाभांश. रेकॉर्ड डेट येता शुक्रवार, म्हणजे त्या दिवशी कंपनीच्या वहीत ज्यांची नावं असतील त्यांनाच तो मिळणार. टायमकीपरांनी ती तीनदा वाचली आणि चौथ्यांदा वाचताना त्यांना औषध सापडलं. कंपनीचे शेअर घ्यायचे. मग आपण पंख्याखाली पडून राहायचं आणि कंपनीनं त्याचे पैसे द्यायचे. खुद्द मालकानं पैसे मोजले, की झोप ही ड्यूटीच झाली. मग भोंगा वाजेल कुणासाठी?

बायकोनं बेत नीट ऐकून घेतला. लोकांना झोपायला उशी लागते, आमच्याकडे कंपनीचा ठराव लागतो, एवढंच ती म्हणाली. पण घ्यायचेच तर आज बुधवार आहे, आजच जाऊन घेऊन या, असंही तिनं सुचवलं. यावर टायमकीपरांनी तिला समजावलं, की वेळेआधी येणं हीदेखील एक प्रकारची बेशिस्तच असते. पाळीच्या दोन दिवस आधी फाटकावर येऊन बसलेल्याला आजवर कुणी जादा पगार दिलेला नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

शुक्रवारी बाजार उघडायच्या पाऊण तास आधी ते इस्त्रीचा शर्ट घालून दलालाच्या बंद दारापाशी उभे होते. काउंटरवरच्या मुलीनं पन्नास शेअर घेऊन दिले. भाव कालच्यापेक्षा थोडा उतरला होता. त्यांना शकुन चांगला वाटला. निघताना त्यांनी सहज विचारलं, लाभांश साधारण कधी जमा होईल. मुलीची बोटं कीबोर्डवर थांबली.

"काका, लाभांशासाठी घेतलेत? मग कालपर्यंत यायचं होतं."

"रेकॉर्ड डेट आज आहे. मी आज आलोय. तुमचं कुलूप उघडायच्या आधी आलोय."

"तुम्ही आलात हो, शेअर कुठे आलेत? आज घेतलेले पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येणार, म्हणजे सोमवारी. कंपनी वहीत आजची नावं बघणार. आज तिथे नाव कुणाचं? ज्यानं विकले त्याचं. म्हणून तर आदल्या दिवशीपर्यंत घ्यायचे असतात."

टायमकीपरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला लेटमार्क."

मुलगी बिचारी पुढेही समजावत होती, की यात फारसं नुकसान नाही. आजपासून घेणाऱ्याला हा लाभांश नाही हे बाजाराला ठाऊक असतं, म्हणून भावच साधारण तेवढा उतरून उघडतो. ते सगळं त्यांच्या कानात शिरलं, पण आतल्या माणसाला भेटलं नाही, बाहेरच्या बाकावरच बसून राहिलं.

घरी येऊन ते जेवले, आणि आता झोपायचा काही प्रश्नच उरला नाही अशा निश्चिंतीनं आडवे झाले. पंखा फिरत होता. खोली किनाऱ्यावरून निघाली.

ती थेट फाटकापाशी लागली. दुधासारखं धुकं होतं, कामगार जमिनीला पाय न लावता आत जात होते. केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीवर पाचमिनिट्या बसला होता. वाइंडिंग खात्यातला हा कारागीर रोज पाच मिनिटं उशिरा यायचा, आणि त्याचा अर्धा दिवस कापून कापून टायमकीपरांनी कित्येक लाल पेन्सिली झिजवल्या होत्या. टायमकीपरांच्या मागे त्यांचे पन्नास शेअर रांगेत उभे होते, हातात डबे, अंगाला ताज्या रंगाचा वास. टायमकीपरांनी मान खाली घातली.

"एक दिवस उशीर झालाय. कापा."

पाचमिनिट्यानं सावकाश वही चाळली. "काय कापू, साहेब? तुम्हाला आत घेतलं तेच कमी भावात. कापायचं ते सकाळीच कापून झालंय."

"आणि पुढच्या लाभांशाला?"

"तेव्हा तुम्ही आतच असाल. विकून निघून जाऊ नका म्हणजे झालं. बसा कुठेतरी सावलीत."

उशीर करणाऱ्यासाठी दरच खाली आणायचा आणि वर त्याला साहेब म्हणायचं, ही सोय एकतीस वर्षांत एकदाही आपल्या डोक्यात कशी आली नाही, हे त्यांना विचारायचं होतं. पण सावली फार छान होती.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवरचा उजेड पिवळा पडला होता. बायको पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली होती. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि तिनं दाराची बेल आतून बंद करून ठेवली होती.

"मिळणार का कंपनीचे पैसे?" तिनं विचारलं.

"नाही. मला एक दिवस उशीर झाला."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग? कापलं का काही?"

"काही नाही कापलं."

"मग पडा की अजून जरा," ती म्हणाली.

आणि ते कूस बदलून पडले.