कोंबडीची हवापालट

काड्याला गावाकडचं आठवलं की संपलं! मग तो थांबायचाच नाही. ओढ्यातले मासे, गवताच्या गंजीवरून मारलेल्या उड्या, पायाला चिकटलेला चिखल, आणि सगळ्यात शेवटी आप्पा. आप्पा म्हणजे त्याचे वडील. विहिरी साफ करायचे. त्यांच्यावर आला की काड्याचं तोंड असं फुलायचं, की ऐकणाऱ्यालाही वाटावं आपलाही असा बाप असायला हवा होता.

त्या दिवशीही तेच. कापड रंगवायच्या कारखान्यामागे सांडपाण्याची टाकी आहे, दोन पुरुष खोल. पाणी उपसून झालं होतं, तळाचा गाळ तेवढा राहिला होता. तो काढायला काड्या उतरणार होता. कमरेला दोर बांधत होता आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"अरे, आमची लाल कोंबडी होती ना, आप्पा तिला टोपलीत बसवून विहिरीत सोडायचे. उन्हाळ्यात बिचारीला उकडतं म्हणून! थंड हवा खायची आणि वर यायची. हवापालट!"

"कोंबडीची हवापालट!" दोर धरणारा ढेऱ्या पोट हलवत हसला. "आमच्या सात पिढ्यांत कुणी गेलं नाही रे हवापालट करायला."

ताई, म्हणजे काड्याची थोरली बहीण, तिथूनच ओल्या कापडाचा गठ्ठा घेऊन चालली होती. ती थांबली. टाकीच्या तोंडाशी नेहमी घरघरणारा पंखा आज नव्हता.

"पंखा कुठे आहे?"

"जळला," मुकादम म्हणाला. "उद्या येईल दुसरा."

"मग उद्या उतरेल तो."

"उद्यापर्यंत मालक माझं डोकं उतरवतील, बाई. तुम्ही तुमचा गठ्ठा बघा."

ताईने गठ्ठा खाली टाकला. "काड्या, दोर सोड. मला गरगरतंय. घरी ने मला."

"ताई, नाटकं नको. आत्ता तर बैलासारखी ओझं ओढत होतीस!" सगळे हसले. काड्याला तर आणखीच चेव आला. "थांबा रे, भारी गोष्ट तर राहिलीच! एकदा ना, कोंबडी अंड्यांवर बसली होती. आप्पा टोपली घेऊन आले तसं मी भोकाड पसरलं. तिला उठवू नका, पिल्लं मरतील! तर आप्पांनी काय केलं असेल? माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, राहू दे बाबा, बसू दे तिला. एवढं काळीज होतं माणसाचं! आणि नशीब बघा, नेमका त्याच दिवशी विहिरीत पाय घसरला त्यांचा आणि गेले."

ही गोष्ट ताईने शंभरदा ऐकली होती. दरवेळी ती "हो रे" म्हणायची आणि काहीतरी काम काढून आत जायची. पाय घसरला, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. हवापालटही तिचीच. एवढासा होता तो, सारखं विचारायचा, मग काय सांगणार?

काड्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"पाय घसरला नव्हता," ताई म्हणाली.

"काय?"

"आणि हवापालट नव्हती ती. बंद विहिरीत वाईट हवा साठते. दिसत नाही, कधी वासही येत नाही. कोंबडी जिवंत वर आली तरच आप्पा उतरायचे. आपली लाल नशिबाची. तिच्या आधीच्या दोघी मान टाकून वर आल्या. त्या त्या दिवशी घरात रस्सा व्हायचा. तू बोटं चाटायचास."

काड्याच्या तोंडावर हसू होतं. ते तसंच राहिलं, आवरायचं विसरल्यासारखं.

"म्हणजे त्या दिवशी..."

"काड्या, वर ये आधी."

"मी रडलो म्हणून?"

नाही म्हणता आलं असतं. जीभ वळलीही होती तिची. पण नाही म्हटलं असतं तर तो हसत हसत खाली गेला असता, तिला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली.

मुकादम खेकसला, "झालं का रडगाणं? उतरतोयस की दुसऱ्याला पाठवू?"

ढेऱ्याने हातातला दोर खाली टाकला. "तुम्हीच उतरा की मुकादम. तेवढीच हवापालट."

या वेळी कुणीच हसलं नाही. मुकादमाने एकेकाकडे बघितलं, प्रत्येकाने मान फिरवली. शेवटी तो शिव्या घालत ऑफिसकडे गेला.

काड्या वर येऊन कमरेची गाठ सोडत होता. ती काही केल्या सुटेना. ताई मदतीला वाकली. त्याने तिचा हात झटकला. जोरात नाही, माशी झटकावी तसा.

दुसऱ्या दिवशी पंखा आला. तो चांगला अर्धा दिवस फिरला आणि मग काड्या उतरला. गाळ काढून धडधाकट वर आला. हातपाय धुतले, डबा उघडला. रोज ताईच्या शेजारी बसायचा, आज भिंतीकडे तोंड करून बसला.

ढेऱ्याला राहवेना. "काड्या, ते ओढ्यातल्या माशांचं सांग की. कसे पकडायचास रे?"

"कुठले मासे?" काड्या घास चावत म्हणाला. "मला काही आठवत नाही. लहान होतो मी."

ताईने ऐकलं. पुढचा घास तोंडात घातला आणि त्याच्या पाठीकडे बघत बसली. पाठ श्वासाबरोबर वर होत होती, खाली होत होती.