निरांजनाखातर

कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर पारमिताच्या नाकात मळीचा आंबूस वास शिरला आणि पाठोपाठ नजरेला पडली गुटख्याची पिचकारी. ताजी, तांबडी, 'सुरक्षते मोदलु' लिहिलेल्या कन्नड पाटीवरून ओघळत खाली आलेली. आधी सुरक्षितता, म्हणे! पाटीवर दसऱ्याची झेंडूची माळ अजून लोंबत होती, सुकून काळी पडलेली. माळेनं निम्मी अक्षरं झाकली होती आणि उरलेली निम्मी थुंकणाऱ्यानं रंगवली होती. चहासुद्धा न घेता ती तडक आत गेली.

निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून चारेक किलोमीटर आत असलेल्या ह्या साखर कारखान्यात ती इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होती. दसऱ्याला वडिलांना घेऊन ती नागपूरला गेली होती, धम्मचक्र दिनाला. वडील, सुगतआप्पा, दरवर्षी जात, यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून लेकीनं पाच दिवसांची रजा टाकली. कालच परत आली होती. पाच दिवसांत ह्या लोकांनी काय काय करून ठेवलं असेल ह्याची धास्ती तिला बेळगावला गाडीतून उतरल्यापासूनच होती.

आज अकरा वाजता चेअरमन येणार होते. रस तापवण्याच्या टाकीला पहिली वाफ त्यांच्या हातून सोडायची, नारळ फोडायचा, फोटो काढायचे आणि हंगाम सुरू. त्या टाकीच्या वाफेच्या पाइपावर यंदा नवा व्हॉल्व्ह बसवला होता. पारमितानं तो स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. व्हॉल्व्हच्या डोक्यावर आडवा सिलेंडर. त्याच्या एका बाजूला हवा भरायची, दुसऱ्या बाजूला मनगटाएवढ्या जाडीची स्प्रिंग. हवा भरली की स्प्रिंग दाबली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. हवा सोडली, किंवा लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, काहीही झालं, तरी स्प्रिंग आपल्या जोरानं मागं येते आणि वाफ बंद करते. कुणी जागेवर असो नसो, ती आपलं काम करते. कारखान्यातल्या निम्म्या माणसांपेक्षा पारमिताचा त्या स्प्रिंगवर जास्त भरवसा होता.

हा व्हॉल्व्हही काही कुणाला सहज सुचलेला नव्हता. गेल्या हंगामात ह्याच जागी हातानं फिरवायचं चाक होतं. वाफ अंगावर आली तेव्हा चाक फिरवता फिरवता रवळू नावाच्या कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलले गेले. मग मीटिंग झाली, मग चहा झाला, मग व्हॉल्व्ह आला. रवळू आता गेटवर बसतो आणि लांब बाह्यांचा शर्ट घालतो.

टाकीजवळ पोचली आणि समोरचं बघून ती जागीच थांबली.

भावकूअण्णा, वयानं पन्नाशीचे, कंग्राळीचे, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, सिलेंडरच्या स्प्रिंगकडच्या टोकासमोर उभे होते. अगदी समोर, त्या टोकाची लोखंडी टोपी बरोबर छातीच्या उंचीला. टोपीचे चारातले दोन बोल्ट काढून त्यांनी खिशात टाकले होते आणि तिसऱ्यावर पाना लावला होता. व्हॉल्व्ह उघडा की बंद ते दाखवणारी सिलेंडरवरची फिरती पिवळी खूण मात्र 'उघडा' ह्या बाजूला होती. म्हणजे स्प्रिंग आत पूर्ण दाबलेली, आणि तिला अडवून धरायला फक्त दोन बोल्ट.

मागं प्रॉडक्शन मॅनेजर युवराज उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात फोन. "आवर रं भावकू," तो म्हणत होता. "अकराला साहेब येणार. लगू लगू!"

ओरडायचं नाही, एवढं पारमिताला सुचलं. ओरडलं की माणूस दचकतो आणि हात हलतो.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "पाना तिथंच सोडा. आणि उजवीकडं सरका. सिलेंडरच्या बाजूला. समोर नको."

"अगं ताई, आलीस व्हय तू! व्हॉल्व्ह मिटंनाच बघ सकाळपास्नं. स्प्रिंग आडाकलीया म्हनं."

"सरका आधी, अण्णा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. भावकूअण्णांनी पाना सोडला आणि दोन पावलं बाजूला झाले. पाना बोल्टवर तसाच लोंबकळत राहिला.

"मॅडम, काय चाललंय तुमचं?" युवराज म्हणाला. "हवेची लाइन बंद केलीय आम्ही. आम्हाला काय कळत नाही का?"

"लाइन बंद केलीत. आतली हवा कुठाय?"

"गेली असेल की."

"गेली असेल तर खूण मागं का आली नाही?"

युवराजनं खुणेकडं बघितलं. बहुतेक ती तिथं असते हेच त्याला पहिल्यांदा कळलं असावं. पारमिताच्या डोक्यात तिडीक गेली. बसवताना चार वेळा सांगितलं होतं, मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं, कागद करून भिंतीला लावला: खूण 'बंद'वर आल्याशिवाय टोपीला हात लावायचा नाही. आता त्या कागदावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं होतं.

ती सिलेंडरच्या कडेनं वाकली. व्हॉल्व्ह मिटताना आतली हवा बाहेर पडायला एक छोटं भोक असतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. तेवढं एक भोक मोकळं असलं की पुढचं सगळं स्प्रिंग बघून घेते. भोक कुठं दिसेना. सिलेंडरला वरून खालपर्यंत चंदेरी रंग फासला होता, रंगाचे ओघळ वाळून बसले होते, त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं. तिनं नखानं एक बोट खरवडलं. कुंकवाखाली रंग, रंगाखाली लांबीची पुट्टी. गळक्या पाइपाला लावतात तीच, दगडासारखी घट्ट झालेली. कुणीतरी भोक नीट ठासून बुजवलं होतं, वरून अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलं होतं, आणि मग त्याची पूजा केली होती.

घाण साफ करता येते. ही घाण कुणीतरी मन लावून केली होती.

"हे कुणी बुजवलं?"

भावकूअण्णा खाली बघू लागले.

"अहो, खंडेनवमीला मोठी पंचाईत झाली," शेवटी युवराजच म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "आपल्याकडं चालू यंत्राचीच पूजा करायची रीत. मंगलवहिनींनी ह्याच्या खाली निरांजन ठेवलं. आम्ही व्हॉल्व्ह उघडमीट करून दाखवत होतो. मिटला की फुस्स, निरांजन विझलं. परत लावलं, परत फुस्स. तीनदा! चेअरमनच्या बायकोच्या हातून दिवा तीनदा विझला, हंगामाच्या तोंडावर! बायकांची तोंडं उतरली. मग तेवढी हवा बंद केली, वरून रंगाचा हात मारला."

"तेवढी हवा बंद केलीत."

"मग काय! चौथ्यांदा विझलं नाही. सगळे खूश."

"आणि व्हॉल्व्ह मिटला का चौथ्यांदा?"

कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे दिव्याकडं.

"आज ह्यात वाफ सोडली असती आणि लाइट गेली असती तर हा मिटला नसता, साहेब. रवळूच्या जागी कोण उभं राहणार होतं? आणि भावकूअण्णांनी तिसरा बोल्ट काढला असता तर ती टोपी त्यांच्या छातीतून..."

युवराजचा चेहरा लाल झाला. चार माणसं ऐकत होती. "हे बघा मॅडम, पूजेचं तुम्हाला नाही कळायचं. तुमच्या लोकांना देवाधर्माचं वावडं. तुम्ही तिकडं नागपूरला होता, इथं आम्ही सण केला. आता त्यातली खोड काढू नका."

तर हे असं. भोक कशाचं, स्प्रिंग कशाची, माणूस कुणाचा, सगळं एका झटक्यात बाजूला, आणि वर ही 'तुमची लोकं'. पारमिताला राग यायला हवा होता, पण आली ती नुसती शिसारी. कॉलेजात, होस्टेलात, बेळगावात खोली शोधताना हे वाक्य तिनं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं. आज ते एका माणसाच्या बरगड्यांवर ठेवून बोललं जात होतं.

"साहेब, तुम्ही त्या टोपीच्या समोर उभे आहात," ती एवढंच म्हणाली.

युवराज टोपीकडं बघत झटकन बाजूला झाला. इतका झटकन, की फोन हातातून पडला.

तिनं सगळ्यांना लांब केलं. टोपीसमोर दोन खुर्च्या आडव्या टाकून वाट बंद केली. मग कडेनं जाऊन, मान वळवून, सिलेंडरला हवा आणणाऱ्या नळीचा सांधा पान्यानं ढिला करायला घेतला. पाव फेरा. अजून थोडा. हवा सुरसुरली, मग जोरात सुटली. तिनं पाना सुटू दिला नाही.

धाडकन आवाज झाला. पिवळी खूण गर्रकन फिरून 'बंद'वर आली. लोखंडी पायऱ्यांवरचं कबूतर उडून गेलं.

पारमितानं जवळ जाऊन बघितलं. बोल्ट काढलेल्या बाजूला टोपी नखभर उचललेली होती. तिसरा बोल्ट, पाना लावलेला, तिनं नुसता बोटांनी हलवला तर तो डुगडुगला. आटे कधीच गेले होते. म्हणजे सकाळपासून ती सगळी ताकद एकट्या चौथ्या बोल्टवर उभी होती, आणि त्याच्यासमोर भावकूअण्णा.

भावकूअण्णांनी तो तिसरा बोल्ट काढून हातात घेतला, उजेडाकडं धरून बघितला आणि तिथंच जमिनीवर बसले.

"ताई," बसल्या जागेवरून ते म्हणाले, "त्ये भोक म्याच बुजिवलं गं."

"तुम्ही?"

"सायबानं डोळ्यानं खून केली. निस्ती खून. म्या लांबी घिऊन आलतो. मला ठावं न्हवतं गं त्ये कशाचं हाय." त्यांनी बोल्ट मुठीत आवळला. "तीस वर्सं झाली हितं. खून केली की करायचं, येवडंच शिकलो बघ."

त्यांच्यावर चिडावं असं तिला वाटलं, पण चिडायला जागाच नव्हती. तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

दोन तास दोघं मिळून राबले. नवे बोल्ट बसवले, आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. लांबी सुईनं कोरून काढली, भोक साफ केलं, धूळ जाऊ नये म्हणून त्यावर बारकी जाळी बसवली. पाच वेळा व्हॉल्व्ह उघडला, पाच वेळा मिटला. प्रत्येक वेळी फुस्स. पारमिताला तो आवाज कधी इतका आवडला नव्हता.

अकराला म्हणता म्हणता साडेअकरा वाजले आणि चेअरमन आले. मागं माणसांचा घोळका, हार, कॅमेरा. युवराजनं शर्ट बदलला होता. सकाळचं काही घडलंच नव्हतं अशा थाटात तो सगळ्यांना नवा व्हॉल्व्ह दाखवत होता. "एकदम सेफ, साहेब. लाइट गेली तरी आपोआप बंद."

मंगलवहिनींनी ताटातलं निरांजन पेटवलं आणि बरोबर त्याच जागी ठेवलं, भोकाच्या खाली. कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह उघडला. नमस्कार झाले. व्हॉल्व्ह मिटला.

फुस्स.

निरांजन विझलं. वातीतून धुराची रेघ वर गेली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मंगलवहिनींचा चेहरा पडला.

युवराजनं मान वळवली आणि भावकूअण्णांकडं बघून डोळ्यानं खूण केली. पारमितानं ती खूण स्पष्ट पाहिली. दोन तासांपूर्वी ह्याच माणसाच्या हातून फोन पडला होता.

भावकूअण्णा पुढं आले. त्यांनी वाकून निरांजन उचललं, सिलेंडरच्या दुसऱ्या बाजूला नेलं, आडोशाला ठेवलं आणि खिशातली काडेपेटी मंगलवहिनींपुढं धरली.

"लावा वहिनीसायब. हितं न्हाय इजायचं."

व्हॉल्व्ह पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. फुस्स झालं. ज्योत जागची हलली नाही.

"अगंबाई!" मंगलवहिनी मनापासून म्हणाल्या. "हितं ठेवलं की झालं व्हय? मग त्या दिवशी कुनाला सुचलं न्हाय हे?"

युवराज फोनमध्ये बघू लागला. चेअरमननी नारळ फोडला आणि टाळ्या वाजल्या.

पारमितानं जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. फार तर दीड हात. तिच्या तोंडात कडू पाणी सुटलं. जन्मात कधी रस्त्यावर थुंकली नव्हती ती, पण आज थुंकावंसं वाटलं.