गळ्यात घालायची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लिहायची नव्हे, गळ्यात घालायची. वीतभर लांब, चार बोटे रुंद. माझा जन्म मलिहाबादचा. दशहरी आंब्यांच्या एका मोडक्या पेटीची फळी लखनौच्या महानगर भागातल्या एका शाळेत आली. सुताराने तिला रंधा मारला, दोन भोके पाडली, सुतळी ओवली. कोरी होते तोवर मला वाटायचे, माझ्यावर कुणाचे तरी नाव येईल. पेंटरने लाल अक्षरांत लिहिले, ‘मी इंग्रजी बोललो नाही’. तेही इंग्रजीत.

काम सोपे होते. जे मूल वर्गात हिंदी, अवधी किंवा मराठी बोलेल, त्याच्या गळ्यात मी. त्याने दुसऱ्या कुणाला तसे बोलताना पकडले की मी त्या दुसऱ्याच्या गळ्यात. अकरा वर्षे मी अशी फिरले. मुख्याध्यापक पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. पालक माना डोलवत. मुले मात्र एकमेकांवर कान ठेवून बसत.

यंदा तिसरीत अवनी आली. तिचे बाबा धनंजय मूळचे साताऱ्याचे, बँकेतल्या बदलीने इकडे आलेले. घरी मराठी, गल्लीत हिंदी. अवनी दोन्ही भाषा फडाफडा बोले. इंग्रजी कविता तिला पाठ होत्या, पण मनातले सांगायला ते शब्द पुरत नसत. त्यामुळे मी बहुतेक दिवस तिच्याकडेच.

“यार अवनी, तू तो इसकी खूँटी है!” शेजारी बसणारी पूर्वा तिच्या कानात कुजबुजे आणि दोघी तोंड दाबून हसत.

गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत पूर्वा जिन्यातच खाली बसली. तिला दमा आहे आणि औषधाचा पंप त्या दिवशी घरी राहिला होता. तिचे ओठ निळे पडू लागले. अवनी वर्गाकडे धावली. मी तिच्या छातीवर आपटत होते.

शर्मिष्ठा मिस वह्या तपासत होत्या.

“मिस, पूर्वा को...”

“इंग्लिश, अवनी.”

“मिस, पूर्वा इज... पूर्वा इज...”

“फुल सेंटेन्स. टेक युअर टाइम.” मिसनी मान वर केली नाही.

हिंदीतले वाक्य अवनीच्या ओठांवर होते, मराठीतलेही होते. पण सकाळीच ताकीद मिळाली होती: पाटी असताना पुन्हा बोललीस, तर ती आठवडाभर गळ्यात राहील. मला ओरडायचे होते. माझ्याजवळ एकच वाक्य, तेही तिच्याविरुद्ध.

चार मिनिटे गेली. घड्याळ समोरच होते, म्हणून सांगते. मग अवनी वळली आणि अंगणात बादली विसळणाऱ्या रामदुलारी आयाकडे पळाली.

“अम्मा, पूर्वा की साँस अटक गई!”

“हाय दइया! कहाँ है बिटिया?”

रामदुलारीने बादली टाकली, पूर्वाला उचलले आणि फाटकाबाहेरच्या ई-रिक्षात घातले. “भइया, अस्पताल लइ चलौ! जल्दी!”

शाळेत नियम तो नियम. अवनी हिंदीत बोलल्याचे एका मुलाने सांगितले आणि शाळा सुटताना मी तिच्याच गळ्यात राहिले. शाळा सुटताना मी ज्याच्या गळ्यात, त्याने मला घरी न्यायचे आणि माझ्या मागच्या बाजूवर पालकांची सही आणायची.

“पुन्हा पाटी?” तिची आई मंजिरी म्हणाली. “अहो, बघा हिचं.”

धनंजयनी पेन काढले. “किती वेळा सांगितलं, घरीसुद्धा इंग्रजीच बोलायचं. काय झालं आज?”

“पापा, पूर्वा इज...” अवनी तिथेच अडकली.

तेवढ्यात मंजिरीच्या फोनवर पालकांच्या ग्रुपचा निरोप आला. पूर्वा बेशुद्ध होती, ऑक्सिजनवर होती. धनंजयनी पेन खाली ठेवले.

“मराठीत सांग गं बाळा. कशातही सांग.”

अवनी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हापासून ती शाळेतही गेलेली नाही. काल पूर्वा शुद्धीवर आली आणि हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. आवाज अगदी बारीक होता. “अवनी, बोल ना यार.”

अवनीचे ओठ हलले. आवाज आला नाही. ती रडली, तेही आवाज न करता.

मित्रांनो, इंग्रजी शिका, भरपूर शिका. पण आपल्या माणसाला हाक मारण्याआधी वाक्य जुळवावे लागेल, अशी वेळ कुणा मुलावर आणू नका. मी अजून या घरच्या टेबलावर आहे, सहीवाचून. सोमवारी शाळा मला परत मागेल, दुसरी मान तयार असेल. मला परत पाठवू नका. फोडा, जाळा, काहीही करा. आणि त्याआधी कुणीतरी अवनीच्या जवळ बसा. मराठीत बोला, हिंदीत बोला, उत्तराची घाई करू नका. ती ऐकते आहे.